मुक्ताईचा भिडू

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी मुक्ताई ओव्हाळ रोज दुपारी तीन वाजता टॅबवर मेंढीकोट खेळायला बसते. समोर माणूस नसतो. बाकीचे तिन्ही खेळाडू संगणकाचे. साडेचारला ती टॅब बंद करते आणि बंद करण्याआधी त्याला "बरं, उद्या" म्हणते.

हे मला तिच्या मुलीनं, अस्मितानं सांगितलं. अस्मिता कोथरूडला राहते आणि रविवारी आईकडं डबे भरून आणते. जिन्यात मला गाठून म्हणाली, "शर्मिलाकाकू, एकदा वर जाऊन या ना. आई त्या खेळाशी बोलते."

"मग काय बिघडलं? मी मिक्सरशी बोलते."

"तसं नाही काकू. तिनं त्यातल्या एकाचं नाव चंपा ठेवलंय."

गुडघ्यांची सबब सांगून मी वर गेले नाही ते आणखी दोन आठवडे. का गेले नाही ते पुढं येईलच.

मुक्ताई कोण, ते आधी सांगते. आमची सोसायटी बिबवेवाडीतली, अठरा घरांची, तीन मजली, लिफ्ट नसलेली. मुक्ताई इथं आली ब्याण्णव साली, नवरा आणि शाळकरी मुलीसह. नवरा रामदास पिंपरीच्या एका कारखान्यात होता. साधा माणूस, सुट्टीच्या दिवशी सबंध जिन्याचे दिवे बदलायचा. तो लवकर गेला. मुक्ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. कानाला यंत्र लावून सदतीस वर्षं तिनं लोकांची माणसं लोकांना जोडून दिली. "बोला," म्हणायचं आणि बाजूला व्हायचं, असं ते काम. तिला अजूनही जुने पाच आकडी नंबर पाठ आहेत. कुणाचंही आडनाव आणि पेठ सांगा, ती भिंतीकडं बघून नंबर म्हणते. ते फोन केव्हाच बंद झाले, माणसं गेली, नंबर मात्र हिच्या डोक्यात चालू आहेत.

पत्त्यांत हे डोकं म्हणजे काय चीज होती ते समोर बसणाऱ्यालाच कळायचं. कुठलं पान गेलं, कुणाकडून गेलं, काय राहिलं, सगळं हिच्याकडं. मी गणितात पदवी घेतलेली आणि विम्याच्या कचेरीत जन्म काढलेली बाई, पण सातव्या हातानंतर माझ्या पानांचा अंदाज माझ्याआधी तिला असायचा.

आम्ही चौघं खेळायचो. मुक्ताई, चंपा, तात्याराव आणि मी. पार्किंगमध्ये तात्यारावांची न चालणारी स्कूटर होती, तिच्या शेजारी चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक स्टूल. रोज तीन ते साडेचार. अकरा वर्षं. लग्नकार्य, आजारपण आणि दिवाळीचे चार दिवस सोडले तर खाडा नाही. मुक्ताई आणि चंपा समोरासमोर भिडू, मी आणि तात्याराव समोरासमोर.

मेंढीकोट ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी, याहून जास्त सांगत बसणार नाही. बावन्न पानं चौघांत सारखी वाटायची. जे पान उतरलं त्याच रंगाचं पान द्यायचं. तो रंग हातात नसेल तरच हुकमानं मारायचं. चार दश्शा म्हणजे चार मेंढ्या. चारही एकाच जोडीनं जिंकल्या तर दुसऱ्या जोडीवर कोट. आणि हातात रंगाचं पान असताना ते दाबून हुकमानं मारलं तर त्याला चोरी म्हणतात. बास.

आता चंपा. चंपा पोकळे, मूळची धायरीची. धायरी गाव होतं तेव्हाची. आवाज असा की तिनं पार्किंगमध्ये "आलं का दूध?" विचारलं की तिसऱ्या मजल्यावरून उत्तर यायचं. खेळायची मात्र अगदी भोंगळ. एक्का बाहेर असताना राजा उतरायचा नाही, हे पोरंसुद्धा जाणतात. चंपाच्या हातात राजा आला की पहिल्या फटक्यात टेबलावर! तो एक्का घेऊन जायचा. मुक्ताई कपाळाला हात लावायची.

"अगं चंपे, एक्का बाहेर हाय अजून!" मुक्ताई एरवी शुद्ध बोलते, चंपाशी बोलताना मात्र चंपासारखं बोलायची.

"आसू दे. राजा घरात ठिवून काय करायचंय? लोणचं घालायचंय का त्याचं?"

अकरा वर्षं हेच. आणि तरीही त्या दोघी जिंकायच्या, कारण चंपानं केलेली घाण मुक्ताई पुढच्या दहा पानांत निस्तरायची. तात्याराव तपकिरीची चिमूट नाकाला लावून म्हणायचे, "शर्मिलाबाई, एक मूर्ख आणि एक हुशार अशी जोडी हरवता येत नाही. आपण दोघं मध्यम आहोत, तिथंच घोळ आहे."

एकोणीस सालच्या डिसेंबरात हे सगळं एका दुपारी संपलं.

त्या आधीच्या आठवड्यात मुक्ताई चार दिवस गावी गेली होती, बार्शीकडं, भावकीत कुणाचं तरी लग्न होतं. त्या चार दिवसांत आम्ही तिघं रमी खेळायचो, तेव्हा आमच्या कॅटातली किलवरची सत्ती हरवली. स्कूटरखाली पाहिलं, गटारात पाहिलं, मिळाली नाही. नवा कॅट आणायला कोपऱ्यावर जायला हवं होतं. मला कंटाळा आला. मी कॅटातला एक जोकर काढला, त्यावर बॉलपेननं सातचा आकडा लिहिला, खाली किलवरचं चित्र काढलं आणि म्हटलं, "ही घ्या सत्ती. आता खेळा."

तर मुक्ताई परत आल्यावरच्या त्या पहिल्याच दुपारी बदाम हुकूम होता. तीन मेंढ्या मुक्ताई-चंपाकडं गेलेल्या. तात्यारावांनी किलवरचा एक्का उतरला. चंपानं किलवर दिलं. माझ्याकडं किलवरची दश्शी, एक्का आपल्याच भिडूचा म्हणून मी ती खुशाल टाकली. शेवटचं पान मुक्ताईचं. तिनं बदामाची तिर्री मारली आणि चौथी मेंढी उचलली. कोट! चंपा खुर्चीत उडाली. म्हणाली, "आज चहा शर्मिलाबाईंचा आन् भजी तात्यांची!"

दोन हातांनंतर चंपानं इस्पिक उतरलं. मुक्ताईनं त्यावर सत्ती टाकली. जोकरवाली.

चंपा त्या पानाकडं बघत राहिली. "ही किलवरची हाय," ती म्हणाली.

"इस्पिकची आहे," मुक्ताई म्हणाली.

तात्यारावांनी आपल्या हातातली इस्पिकची सत्ती काढून दाखवली, छापील.

"मग मघाशी किलवर कुटं हुतं?" चंपा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मुक्ते, आगं कशाला? आपण काय तसं जिंकत न्हाई व्हय?" आणि हातातली पानं स्टुलावर टाकून म्हणाली, "मला चोरीचा कोट नको."

मुक्ताईनं आपली पानं एकत्र केली, कडा जुळवल्या, स्टुलावर पालथी ठेवली आणि जिना चढून गेली.

मी काय केलं? मी हसले. आमच्यावरचा कोट टळला म्हणून हसले. हे लिहायला आवडत नाही, पण झालं ते झालं.

त्याच संध्याकाळी पत्ते आवरताना दिव्याखाली मी ते पान पाहिलं. किलवरच्या तीन पाकळ्या म्हणून मी जे काढलं होतं ते एकमेकांत मिसळून त्याचा एकच काळा, टोकदार गोळा झाला होता. खाली देठ. इस्पिकच म्हणावं असं. आणि मुक्ताई त्या चार दिवसांत इथं नव्हती. आम्ही तिघांनी ते पान शंभरदा हाताळलं होतं. तिनं ते पहिल्यांदाच हातात घेतलं होतं. कुठलं पान हरवलं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं कुणी? जिनं चित्र काढलं होतं तिनं, म्हणजे मी.

सकाळी सांगू म्हटलं. सकाळी पाहुणे आले. मग मुक्ताई दाराआडून "डोकं दुखतंय" म्हणाली. मग संक्रांत आली, मग टाळेबंदी. टाळेबंदीत तात्याराव गेले. चंपाच्या मुलानं धायरीला घर बांधलं आणि तो तिला घेऊन गेला. ज्या गोष्टीला आधी आळस आडवा आला, तिला पुढं लाज आडवी आली. लाज आळसापेक्षा जास्त टिकते. साडेपाच वर्षं टिकली.

म्हणून मी दोन आठवडे वर गेले नाही.

गेले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. मुक्ताई खिडकीशी बसलेली, मांडीवर उशी, उशीवर टॅब. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि रामदासचा फोटो. तिनं मान वर न करता म्हटलं, "बसा शर्मिलाताई. हा डाव होऊ दे."

मी शेजारी बसून पाहिलं. हिरवं टेबल. खाली मुक्ताईची तेरा पानं. डावीकडं नाव लिहिलेलं "तात्याराव", उजवीकडं "शर्मिलाताई", समोर "चंपा". मीही त्या तिघांत, पण मी तर खालच्या मजल्यावर जिवंत होते!

खेळ भराभर चालला होता. मुक्ताईनं पान टाकलं की टक, टक, टक, तिघांची पानं येऊन पडत. विचार नाही, खोकला नाही, तपकीर नाही.

"हे तात्याराव जरा घाईत आहेत," मी म्हटलं.

"हो ना. तपकीर सोडली त्यांनी." ती हसली नाही. "चंपा पण सुधारलीय. एक्का गेल्याशिवाय राजा काढत नाही. शहाणी झालीय अगदी. तिच्याबरोबर खेळायला मजाच येत नाही."

समोरून किलवर आलं. मुक्ताईच्या हातातली जी पानं किलवरची नव्हती ती सगळी एकदम अंधूक झाली. तिनं मुद्दाम एका अंधूक पानावर बोट ठेवलं. पान हललं नाही. पुन्हा ठेवलं. हललं नाही.

"बघितलंत?" ती म्हणाली. "हा मला चोरी करूच देत नाही. म्हणून बरा वाटतो."

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"तुम्हाला कधी सांगितलं नाही," ती पुढं म्हणाली. बोटं खेळतच होती. "माझी आई एका वाड्यावर धुणीभांडी करायची, भवानी पेठेतून चालत जायची. मी आठ वर्षांची असेन. आम्ही धम्म घेतल्याला दोन वर्षं झाली होती. आई पंचशील रोज म्हणायची. एक दिवस त्यांची चांदीची वाटी सापडेना. आईला अंगणात उभं करून लुगडं झटकायला लावलं. मी होते तिथं. आई रडून रडून सांगत होती, बाईसाहेब मी नाही, बाईसाहेब मी नाही. तिसऱ्या दिवशी वाटी सापडली, पिठाच्या डब्यामागं. त्यांनी अर्धा नारळ पाठवला. आईनं तो घेतला, याचा मला वाटीपेक्षा जास्त राग आला. तेव्हाच ठरवलं, आपल्यावर कुणी आळ घेतला तर सफाई द्यायची नाही. उठून जायचं."

"म्हणून तू..."

"म्हणून मी उठून गेले. पण शर्मिलाताई, आई आतून स्वच्छ होती. तिला माहीत होतं आपण घेतली नाही. मला माहीत नाही." आता तिचं बोट थांबलं. "मला ती सत्ती आजही दिसते. इस्पिकचीच दिसते. पण चंपा खोटं बोलत नाही, आणि तात्यारावांच्या हातात खरी इस्पिक होती. मग वाटतं, कोटाच्या हावेनं डोळ्यांनीच मला फसवलं असेल. माणूस नकळतही चोरी करत असेल. रोज खेळते ना, दिवसाला वीस डाव. वाटतं, एकदा तरी तेच्या तेच हात पडतील. तीच तेरा पानं. मग मी नीट बघेन."

मी गणित शिकले आहे. चौघांचे तेच्या तेच हात पुन्हा पडायला किती डाव लागतील याचा आकडा मी कागदावर मांडू शकते. दिवसाला वीस डावांनी तो पुरा व्हायला पुणं राहणार नाही, पृथ्वी राहणार नाही. हे मी तिला सांगितलं नाही. मी खाली गेले, जिन्यात दोनदा थांबले, कपाटाच्या खणातून जुना कॅट काढला, वरचा जोकर घेतला आणि परत वर आले.

"हे बघ."

तिनं चष्मा वर केला, पान डोळ्यांजवळ नेलं. "हीच. इस्पिकची सत्ती."

"किलवरची आहे. मी काढलेली. तू गावाला गेली होतीस तेव्हा किलवरची हरवली. तुला सांगायचं राहिलं. चित्रही भिकार आहे."

तिनं पानावरच्या शाईवरून अंगठा फिरवला. टॅबचा पडदा काळा होऊन गेला.

"केव्हा कळलं तुम्हाला?"

"त्याच संध्याकाळी."

"साडेपाच वर्षं."

"हो."

वाटलं, ती रडेल, ओरडेल. तिनं पान माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाली, "चहा ठेवते. चहा घ्या आणि जा."

चहा तिनं चांगला केला, आलं घालून. मी उठल्यावर ती म्हणाली, "चंपाला दाखवा ते."

"तूच फोन कर की."

"नाही. मी सफाई देणार नाही. चित्र तुमचं आहे, तुम्ही द्या."

बरोबर होतं तिचं.

धायरीला जायला रिक्षावाल्यानं आधी नकार दिला, मग मी त्याला दोन शब्द सुनावले, मग तो आला. चंपाचं घर दुसऱ्या मजल्यावर. गेल्या वर्षी ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून काठी धरून खोलीतल्या खोलीत. जिना उतरत नाही. दार तिच्या सुनेनं, सोनालीनं उघडलं. आतून आवाज आला, "कोन हाय?" तो मात्र तसाच होता.

मी पान तिच्या हातात दिलं. सगळं सांगितलं, न लपवता. माझं हसणंसुद्धा.

चंपानं पान उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीच्या उजेडात धरलं. "ह्ये किलवर?" ती म्हणाली. "शर्मिलाबाई, आवो ह्ये तर वांगं हाय."

"माहीत आहे."

"एवढं शिकला, एक किलवर जमंना? मी शेणानं काढलं आसतं." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मी गेले हुते तिच्या दारात. दुसऱ्या दिवशी न्हाई का. म्हनलं, आगं चुकून झालं आसल, जाऊ दे. तिनं दार उघडलं न्हाई. आत रेडू चालू हुता, मला ऐकू येत हुता. मग मलाबी राग आला." ती म्हणाली, "आमच्यात एकमेकीला चोर म्हनायची सवय हाय वो. जावाजावांत दिवसातनं चारदा म्हनतो. मला काय ठावं तिला तो शब्द एवढा लागतो."

मी तिला चांदीच्या वाटीचं सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क मुक्ताईचा.

"तिला म्हनावं ये," चंपा म्हणाली.

"ती साडेपाच वर्षांत बिबवेवाडीच्या बाहेर फक्त डॉक्टरकडं गेलीय. आणि तू खाली उतरत नाहीस."

"मग? मेल्यावर भेटायचं व्हय?"

तेव्हा दारातून सोनाली म्हणाली, "आई, त्या टॅबवर खेळतात ना? मग इथून माझ्या फोनवर खेळता येईल. त्यांनी एक नंबर द्यायचा, आपण तो टाकायचा. दोघी माणसं, बाकीचे दोन कॉम्प्युटरचे."

मुक्ताईला हे सांगितलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "फोनवर बोलणार नाही. खेळायचं तर खेळेन."

गुरुवारी पावणेतीनला मी वर गेले. तिनं साडी बदलली होती, केस नीट विंचरले होते. टॅबला ते दिसणार नव्हतं. तिनं समोरच्या जागेचं "चंपा" हे नाव स्वतः पुसलं. जागा रिकामी झाली. टॅबवर पाच आकडे आले. माझ्या फोनवर सोनालीचा फोन आला, मी तो स्पीकरवर लावला.

"काकू, नंबर सांगा."

मी चष्मा शोधत होते. मुक्ताईनं फोन माझ्या हातातून घेतला, पाठ ताठ केली आणि आकडे सांगितले. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. स्वच्छ, सपाट, घाई नाही, प्रत्येक आकडा वेगळा. सदतीस वर्षं लोकांनी ऐकलेला असणार.

पलीकडून सोनालीऐवजी धाप लागल्यासारखा कुणाचा तरी श्वास आला आणि मग, "जरा हळू सांगा बाई. मला म्हातारीला लिवता येत न्हाई पटापट."

मुक्ताई फोन धरून बसली. मी पाहिलं, तिचा अंगठा फोनच्या कडेवर घासत होता.

"सात," ती म्हणाली. थांबली. "शून्य." थांबली. "चार." प्रत्येक आकड्यानंतर पलीकडून "हां" यायचं. पाचव्या "हां"नंतर मुक्ताई म्हणाली, "बोला." आणि फोन ठेवला.

समोरच्या रिकाम्या जागी एक गोल आला आणि त्याखाली नाव: चंपा.

पानं वाटली गेली. उतारी चंपाची. तिच्या नावाभोवती एक हिरवी रेघ हळूहळू फिरू लागली. ती पुरी फिरली की वेळ संपतो आणि यंत्र तिच्या वतीनं स्वतःच पान टाकतं. रेघ अर्धी झाली. पाऊण झाली. पुरी झाली. टक, चौकटीची पंजी पडली.

"ही चंपा नव्हे," मुक्ताई म्हणाली. "यंत्र आहे."

चंपाची दुसरी पाळी. रेघ फिरली. पुरी झाली. पुन्हा यंत्राचं पान, नेमकं, शहाणं, बरोबर. त्यावर हात चंपाकडंच गेला. म्हणजे पुन्हा उतारी तिचीच. डावीकडचे तात्याराव आणि उजवीकडची मी टकटक पानं टाकून मोकळे झालो होतो. मुक्ताईनं टॅब उशीवरून उचलून छातीजवळ धरला.

"मी फोन करू का?" मी विचारलं. "सोनालीला सांगते, मदत कर म्हणून. बोट कुठं लावायचं तेच तिला कळत नसेल."

"नको."

"अगं, अजून एकदा असं झालं तर बाहेर काढतात खेळातून. लिहिलंय तिथं खाली."

"वाचलंय मी." ती रेघेवरून डोळे हलवत नव्हती. "ताई, रोज बघते. मी पान टाकलं की लगेच उत्तर. साडेपाच वर्षं मला कुणी वाट बघायला लावली नाही. गप्प बसा जरा. ती विचार करतीय."

रेघ अर्धी झाली. खाली भाजीवाल्याची हाळी आली आणि गेली. रेघ पाऊण झाली. किलवर अजून कुणी उतरलं नव्हतं, एक्का बाहेर होता, हे मलाही कळत होतं. शहाण्या माणसानं बारीक किलवर काढायचं. रेघ टोकाला येऊन टेकली आणि शेवटच्या केसभर जागेत समोरून पान आलं.

किलवरचा राजा.

टक. मी आणि मुक्ताईनं लहान पानं टाकली, तात्यारावांनी एक्का मारून राजा उचलला.

मुक्ताईनं कपाळाला हात लावला. तसाच ठेवला. "अगं चंपे," ती त्या काचेला म्हणाली, "एक्का बाहेर हाय ना अजून."

उत्तर येणार नव्हतं, तिनं स्वतःच ठरवलं होतं न बोलायचं. तिनं हातातल्या दहा पानांकडं पाहिलं, कुठलं कसं वाचवायचं ते तिच्या डोक्यात सुरू झालेलं मला दिसत होतं. मग तिची पाळी आली. तिच्या नावाभोवतीही हिरवी रेघ फिरू लागली. पान ठरलेलं होतं, बोट त्यावर होतं, पण ती ते सोडत नव्हती. धायरीला कुणीतरी तिची वाट बघत होतं आणि तिला ते संपवायचं नव्हतं.